आकाशांतील वांकडे झोत आणि कृष्णविवरांचें युग्म

भोवरा जोरांत असतां ताठ उभा राहतो आणि वेग मंदावला म्हणजे डुलूं लागतो, हें खर्डीच्या कोणत्याही मुलास सांगावयास नको. आर एके ठिकाणींच असते, परंतु माथा वर्तुळ काढीत राहतो. फिरणाऱ्या वस्तूच्या आंसाच्या या डुलण्यास शास्त्रांत परांचन म्हणतात. आपल्या पृथ्वीचा आंसही असाच डुलतो; त्याची एक फेरी सुमारें २६,००० वर्षांनीं पुरी होते. याच गतीचा एक विलक्षण प्रकार दूरच्या दीर्घिकांत दिसून येतो, व त्याचा शोध घेणाऱ्यांत महाराष्ट्रांत काम करणारे शास्त्रज्ञ आहेत; म्हणून त्याविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपली आकाशगंगा ही अब्जावधि ताऱ्यांची एक दीर्घिका होय. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या गाभ्यांत लक्षावधि किंवा अब्जावधि सूर्यांच्या वस्तुमानाचें एक कृष्णविवर असतें. त्यांतून प्रकाशही बाहेर पडूं शकत नाहीं. तथापि कांहीं दीर्घिकांत त्याच्या भोंवतीं तप्त वायूची तबकडी गरगरत असते, आणि तिच्या दोन्ही अंगांनीं कणांचे दोन झोत जवळ जवळ प्रकाशाच्या वेगानें उसळतात. या झोतांतील विद्युत्कण चुंबकीय क्षेत्रांत गिरक्या घेत रेडिओलहरी सोडतात, व त्या टिपून झोताचें चित्र काढितां येतें.

आतां पिचकारी हातांत घेऊन स्वतःभोंवतीं फिरत पाणी उडवावें. प्रत्येक थेंब सरळच जातो, पण हवेंतील धार मात्र वांकडी दिसते. झोताचा आंस डुलत असेल तर तसेंच घडतें, आणि दोन्ही बाजू मिळून इंग्रजी एस् अक्षरासारखी आकृति उमटते. आंस कां डुलावा? एक संभव असा कीं, गाभ्यांत दोन कृष्णविवरें परस्परांभोंवतीं फिरत असावींत. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या म्हणजे त्यांचीं विवरेंही कालांतरानें जवळ येतात, तेव्हां ही कल्पना निराधार नव्हे.

रेडिओलहरी टिपण्याची विद्या आपल्या जिल्ह्यास परकी नाहीं. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे इ. स. १९६५ मध्यें आपल्याच लोहमार्गावरील कल्याण येथें ३२ तबकड्यांची दुर्बीण उभारिली. प्रत्येकीचा व्यास अवघा ६ फूट. आणि त्याही ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या! तिच्यानें सूर्याचें निरीक्षण होई. पुढें त्यांच्याच पुढाकारानें, मुरबाडकडून माळशेज घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यांत, खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण झाली. चौदा तबकड्या मध्यभागीं असून उरलेल्या सोळा तीन भुजांवर सुमारें २५ किलोमीटरपर्यंत विखुरल्या आहेत. तबकडीस पत्रा नाहीं, बारीक पोलादी तारांची जाळी आहे. तींतून वारा निघून जातो, परंतु रेडिओलहर जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ लांब असल्यामुळें परत फिरते. काटकसर व बुद्धि यांचा असा मेळ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

इ. स. २०१७ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील प्रीती खर्ब व धर्मवीर लाल यांनीं अमेरिकेंतील डेव्हिड मेरिट यांच्यासह एन्. जी. सी. ७६७४ या दीर्घिकेविषयीं लेख प्रसिद्ध केला. ही दीर्घिका सुमारें ४० कोटि प्रकाशवर्षें दूर आहे. कार्तिकांत रात्रीं आठाच्या सुमारास भाद्रपदांचा चौकोन माथ्याजवळ येतो. त्याच्या किंचित् दक्षिणेस तिचें स्थान, मात्र नुसत्या डोळ्यांस ती दिसत नाहीं. तिचे झोत वांकडे आहेत, आणि गाभ्यांत केवळ एक प्रकाशवर्षाच्या आसपास अंतरावर दोन रेडिओबिंदु आढळले. इतकें सूक्ष्म अंतर खोडदच्या दुर्बिणीस वेगळें करितां येत नाहीं. त्यासाठीं हजारों किलोमीटर पसरलेल्या दुर्बिणींचें जाळें लागतें. तीं खरोखर दोन विवरें असतील, तर त्यांची एक प्रदक्षिणा सुमारें एक लक्ष वर्षांची! ती पुरी झालेली कोण पाहणार? म्हणून लेखकांनीं स्वतःच ‘संभाव्य’ हा शब्द योजिला.

हा शब्द केवळ विनयाचा नव्हे. एम् ८७ या दीर्घिकेचा झोत सुमारें ११ वर्षांत एक फेरी घेतो, असें २००० ते २०२२ या काळांतील निरीक्षणांवरून २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. पण तेथें दुसरें विवर मानावें लागलें नाहीं. फिरतें विवर आपल्याबरोबर भोंवतालचें अवकाशच ओढतें, व तबकडी तिरपी असेल तर ती डुलूं लागते. शिवाय झोत दाट वायूवर आदळूनही वांकतो. सबब वांकडा झोत दिसतांच युग्म सांपडलें म्हणणें उतावीळपणाचें होईल.

निराळ्या वाटेनें मात्र युग्मांची चाहूल लागली आहे. परस्परांभोंवतीं फिरणारीं विवरें अवकाशांत अतिमंद गुरुत्वीय लहरी उठवितात. स्पंदक नांवाचे तारे घड्याळासारखे नियमित टोले देतात. लहर गेली म्हणजे ते टोले क्षणाच्या अत्यल्प अंशानें आगेमागें होतात. जून २०२३ मध्यें निरनिराळ्या देशांच्या गटांनीं अशा लहरींचा पुरावा मांडिला. त्यांपैकीं युरोप व भारत यांच्या संयुक्त गटानें खोडद येथें टिपलेले टोले वापरले होते. परंतु तो आवाज बाजारांतील गलबल्यासारखा होता. पुष्कळ युग्में एकदम बोलत असावींत असें त्यावरून वाटलें. त्यांतील एकाही युग्माचा आवाज त्या वेळीं निराळा ओळखतां आला नाहीं.