आधी हात लाव, मग लेबल बघ

अगं, बॅगेत स्वेटर कोंबणं आधी थांबव. ती जागा मेतकुटाला आणि काळ्या मसाल्याला ठेव. शिकायला लीड्सला उतरलीस की थंडीचे कपडे तिथेच मिळतील, आणि त्यासाठी मॉलमध्ये जायचं कारण नाही. चॅरिटी शॉपमध्ये जा. ‘परक्यांचे उतरलेले कपडे घालणार का आता?’ असं आई म्हणेलच. तिच्याशी मी बोलते. तू मात्र माझं नीट ऐकून घे, कारण या दुकानांनी मला जेवढा आनंद दिलाय, तेवढा ब्रिटनमधल्या फार थोड्या गोष्टींनी दिलाय.

तिथली रीत साधी आहे. लोक घरातले चांगले कपडे, पुस्तकं, कपबश्या एखाद्या धर्मादाय संस्थेला देऊन टाकतात, संस्था ते सगळं विकते आणि आलेला पैसा तिच्या कामाला लागतो. कुणाचं काम कर्करोगावरचं संशोधन, कुणाचं बेघरांना निवारा, कुणाचं म्हाताऱ्यांची काळजी. ऑक्सफॅम ही अशीच एक संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झाली ती नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये उपासमार चालली होती म्हणून. पुढे त्यांनी ऑक्सफर्डच्याच ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटलं, ते अजून आहे. आज देशभरात अशी दहा हजारांच्या आसपास दुकानं असतील. काउंटरवर बहुतेक वेळा निवृत्त आजीआजोबा असतात, पगार न घेता काम करणारे. त्यांच्याशी घासाघीस करू नकोस. तुझं आपल्या बाजारात चालतं ते कौशल्य तिथे वापरायचं नाही.

आता मुद्द्याचं. स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नकोस. स्वस्त तर नवीनही मिळतं, तीन धुण्यांत गोळे येणारं. तू जा ते चांगलं शिवलेलं ओळखायला. आपण दोघी आईच्या मशीनशेजारी बसून वाढलो. हातशिलाईची दुमड कशी दिसते, कुठे माया सोडलीय आणि कुठे कंजुषी केलीय, हे तुला न शिकवता कळतं. इंग्लंडमधल्या त्या खच्चून भरलेल्या रॅकसमोर हीच तुझी शिदोरी.

म्हणून डोळ्यांनी शोधू नकोस, हाताने शोध. एका टोकाला उभी राहा आणि बोटं कपड्यांवरून नुसती फिरवत जा. पॉलिएस्टर, पॉलिएस्टर, अॅक्रिलिक, पुन्हा पॉलिएस्टर, आणि मग एकदम बोटं थबकतात. जड, थंडगार, दाट काहीतरी लागलेलं असतं. खरं रेशीम, किंवा मेंढीची चांगली लोकर, किंवा कश्मीरी. तो क्षण मी तुला शब्दांत नाही सांगू शकत. अंगावर काटा येतो. हँगर बाहेर काढेपर्यंत तो कपडा आपल्या मापाचा असावा म्हणून मनातल्या मनात देवाला हाक जाते.

हँगर हातात आला की कपडा उलटा कर. झग्याची चेन धातूची असेल, तर तो बहुधा साठच्या दशकातला किंवा त्याआधीचा. नायलॉनच्या चेनी त्यानंतर सर्रास झाल्या. शिवणीत भरपूर माया, दुमड हाताने घातलेली, अस्तर नीट बसवलेलं, तर कुणीतरी जीव लावून शिवलंय. आणि मग लेबल. मार्क्स अँड स्पेन्सरचे कपडे पूर्वी ‘सेंट मायकल’ या नावाने यायचे. संस्थापक मायकल मार्क्सच्या आठवणीसाठी ते नाव १९२८ साली नोंदवलं गेलं आणि २००० च्या सुमारास बंद झालं. म्हणजे ‘सेंट मायकल’ दिसलं की तो कपडा बहुधा पंचवीसेक वर्षं तरी जुना, हे तुला तिथल्या तिथे कळतं. ‘लॉरा ॲश्ली’ असेल तर त्याखाली वेल्समधल्या कार्नो गावाचं नाव आहे का बघ. बारीक फुलांचे, उंच गळ्याचे ते लांब सुती झगे सत्तरच्या दशकात तिथे तयार व्हायचे, आणि त्यांचं सूत इतक्या वर्षांनीही मऊ पण दमदार लागतं. टवीडचा कोट दिसला तर आतल्या लेबलवर गोल आणि त्यावर क्रूस असं चिन्ह शोध. ते हॅरिस टवीड. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराने आपल्या घरी हातमागावर विणलेलं कापडच ते नाव लावू शकतं. १९९३ साली ब्रिटिश संसदेने तसा कायदाच केला. तुझ्या लीड्सच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या वाऱ्याला तो कोट पुरून उरतो.

आणि एक चिन्ह कधी सापडलं तर मला लगेच फोन कर, रात्र असली तरी. इंग्रजी सी हे अक्षर दोनदा आणि पुढे ४१ चा आकडा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापडाचं रेशनिंग १९४१ मध्ये लागू झालं, तेव्हा सरकारने ठरवून दिलेल्या बेताच्या कापडात, बेताच्या बटणांत शिवलेल्या कपड्यांवर हा शिक्का असे. ती शिक्क्याची योजना १९५२ पर्यंत चालली. काटकसरीतही कपडा टिकाऊ आणि देखणा करायचा, हे त्या लोकांनी खरोखर करून दाखवलं. चॅरिटी शॉपमध्ये असं आता क्वचितच मिळतं, म्हणूनच सांगते.

आपल्याकडचंही सापडेल हं. सत्तरच्या दशकात ब्रिटनला भारतीय सुती कपड्यांचं वेड लागलं होतं, मलमलीचे झगे, ठशांची छपाई. ‘मॉन्सून’ हे दुकान १९७३ मध्ये लंडनमध्ये निघालं तेच भारतात हाताने छापलेले कपडे घेऊन. अशा झग्यावर ठसा जिथे एक केसभर सरकलाय तिथे बोट ठेव. भारतातल्या कुठल्याशा कारागिराचा हात तुला यॉर्कशायरमध्ये भेटतो. मला अशा वेळी डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

घेण्याआधी दोष मात्र निर्दयपणे बघ. लोकर उजेडासमोर धर; कसरीने खाल्लेली भोकं सुईच्या टोकाएवढी असतात. बगला, कॉलरची आतली बाजू, बाह्यांची टोकं तपास. घामाचे जुने पिवळे डाग जात नाहीत, त्यावर वेळ घालवू नकोस. रेशीम हलक्या हाताने ताण; घडीवर विरलेली पैठणी तू पाहिली आहेस, तिथलं रेशीमही तसंच जातं आणि त्याला रफूचा उपयोग नाही. बटण तुटलंय, दुमड उसवलीय, अस्तर सुटलंय, एवढंच असेल तर खुशाल घे. जुन्या मापांवर विसंबू नकोस. त्या काळातलं चौदा आज दहाच्या जवळपास भरतं, तेव्हा आकडा वाचून नाउमेद होऊ नकोस आणि ट्रायल रूम असेल तिथे घालूनच बघ.

घरी आणलेली लोकर थेट कपाटात नको. पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेव, कसरीची अंडी मरतात. मग कोमट पाण्यात हलक्या हाताने धू, पिळू नकोस, टॉवेलवर आडवी पसरून वाळव. लटकवलीस तर ताणून बसेल. सूत कोणतं याची शंका आली तर आतल्या मायेतला एक धागा घरी बशीत जाळून बघ: कागद जळल्याचा वास आला तर सुती, केस जळल्याचा आला तर लोकर किंवा रेशीम, वितळून टणक मणी झाला तर प्लॅस्टिकचंच भावंड.

कुठे जायचं? हेडिंग्लीत तर तू राहणारच आहेस, तिथे दुकानं आहेत, पण विद्यार्थ्यांचे हात आधी लागलेले असतात. एखादा दिवस काढून इल्कली किंवा हॅरोगेट गाठ. जिथे सधन म्हाताऱ्या बायका राहतात तिथे चांगले कोट येतात, हे सगळीकडचं सत्य. शनिवार-रविवारी लोक कपाटं आवरतात, म्हणून सोमवार-मंगळवारी नवा माल बाहेर लागलेला असतो.

हो, त्यातले कितीतरी कपडे गेलेल्या माणसांचे असतात. आईला खटकतं ते हेच, आणि मी तिला चूक म्हणत नाही. पण आईने आजीची लुगडी कापून आपल्याला दुपटी केली, गोधड्या शिवल्या, त्या पांघरून आपण वाढलो. कुणाची तरी मुलगी आईचं कपाट रिकामं करते, घड्या घालून पिशव्या भरते आणि दुकानाच्या दारात देऊन जाते. तो कोट कुणी प्रेमाने घालावा, एवढीच तिची इच्छा असणार. तो तू घातलास तर त्यात अशुभ काय?

न विकलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं, हेही तुला माहीत असावं. तुझ्या लीड्सजवळच बॅटली नावाचं गाव आहे. जुनी लोकर पिंजून तिचं पुन्हा सूत काढण्याचा धंदा तिथे १८१३ च्या सुमारास सुरू झाला, आणि आज ऑक्सफॅमचं कपडे निवडण्याचं केंद्र त्याच गावात आहे. जगभरातले बरेचसे उरलेसुरले लोकरी कपडे आता पानिपतला पोचतात, तिथे त्यांची घोंगडी होतात. हे कळल्यावर मी हावरटासारखी खरेदी करणं सोडलं. तूही एक घेतलंस की एक देऊन ये. आणि साधा, जाडजूड, स्वस्तातला कोट दिसला आणि तुझ्याकडे एक असेल, तर तो रॅकवर राहू दे. हीटर परवडत नाही अशी माणसं त्याच दुकानात येतात.

जमलं तर आठवड्यातून एक दुपार अशा एखाद्या दुकानात फुकट काम कर. व्हिसाच्या अटींत ते बसतं का, हे आधी विद्यापीठात विचारून घे. मागच्या खोलीत पिशव्या उघडताना जे शिकायला मिळतं ते कुठेच मिळत नाही, आणि त्या आजींकडून इंग्रजी टाक्यांची नावं कळतील. पहिला कोट मिळाला की आधी शिवणीचा फोटो पाठव, मग लेबलचा. किंमत शेवटी सांग.