समुद्रतळाच्या लाइनीत मेण: काय करावे, काय टाळावे

थंडीत खोबरेलाची बाटली कडेने पांढरी होते. मधलं तेल मात्र अजून हलत असतं. उत्तर समुद्राच्या तळाशी, 4 ते 6 अंशांच्या पाण्यात, कच्च्या तेलाच्या लाइनीतही तसंच मेण चढतं. ब्रिटनच्या हद्दीतलं लास्मो कंपनीचं स्टाफा तेलक्षेत्र 1990च्या दशकात याच मेणापायी सोडून द्यावं लागलं. मुंबई हायच्या उबदार पाण्यातून तिकडे जाणाऱ्या अभियंत्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काय करावे

• लाइन टाकण्याआधीच तेलाचा नमुना तपासून घ्या. मेणाचे पहिले स्फटिक कोणत्या तापमानाला दिसतात आणि तेल वाहायचं कधी थांबतं, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला 30-40 अंशही असू शकतो, म्हणजे तेल छान वाहत असतानाच आत थर धरू लागतो.

• नजर पाइपच्या भिंतीवर ठेवा. भिंतीलगतचं मेण गोठलं की मधल्या गरम तेलात विरघळलेलं मेण तिकडे सरकत राहतं. तेल आणि भिंत सारखीच थंड झाली की थराची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून खरी चिंता लाइनीच्या थंडगार टोकाची नाही. तेल झपाट्याने निवतं त्या टप्प्याची आहे.

• पिग (पाइपातून ढकलला जाणारा, आतला थर खरवडणारा बोळा) लवकर आणि नेमाने फिरवा. ताजा थर लोण्यासारखा असतो, त्यात निम्म्याहून जास्त तेलच अडकलेलं असू शकतं. दिवस जातील तसं मेणाचं प्रमाण वाढून तो कडक होतो.

• मेण रोखणारं रसायन तेल गरम असतानाच सोडा.

काय टाळावे

• तेलासोबत पाणी आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पाणी भिंतीला लागून वाहिलं तर थर कमी धरतो. शिवाय ते तेलाच्या जवळपास दुप्पट उष्णता धरून ठेवतं. पण त्याचे थेंब तेलात अडकून इमल्शन झालं की सगळा प्रवाह घट्ट होतो, आणि सोबत वायू असेल तर थंडीत हायड्रेटची, म्हणजे पाणी आणि वायू मिळून होणाऱ्या बर्फासारख्या गोळ्यांची, भीती. नुसत्या तेलावर केलेल्या चाचणीचे आकडे अशा लाइनीला लावू नका.

• जुन्या, जाड थरात एकदम पूर्ण मापाचा पिग घालू नका. खरवडलेलं मेण पुढे साचून त्याचंच बूच बसतं.

• बंद लाइनीत तेल तसंच निवू देऊ नका. ते थिजलं तर पंपाच्या दाबालाही दाद देत नाही. निवण्याआधी किती तास हाती आहेत, ते आधीच मोजून ठेवा आणि तेवढ्या वेळात लाइनीत न गोठणारं हलकं तेल भरा.