युक्ताहार आणि ताटातील रंग

आहाराचा विषय गीतेने उपेक्षिलेला नाही. सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार वर्णिले आहेत. तेथे अमुक भाजी सात्त्विक आणि अमुक धान्य राजस, अशी पदार्थांची यादी मात्र दिलेली नाही, हे अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. आयुष्य, बल, आरोग्य, सुख व प्रसन्नता ज्याने वाढते तो आहार सात्त्विक, अशी परिणामाची कसोटी तेथे मुख्यतः सांगितली आहे. सहाव्या अध्यायात अति खाणे आणि मुळीच न खाणे हे दोन्ही मार्ग त्याज्य ठरवून युक्ताहाराचा उपदेश केला आहे. ‘युक्त’ म्हणजे बेताचा, हा अर्थ सर्वमान्यच आहे. परंतु सतराव्या अध्यायाची कसोटी लावली असता केवळ बेत पुरतो काय, असा प्रश्न उभा राहतो.

याचे उत्तर मध्य भारताच्या इतिहासात सापडते. छत्तीसगडात भाताच्या उभ्या पिकात एक कडधान्य पेरण्याची जुनी रीत आहे. तेथे त्यास तिवरा म्हणतात. आपल्या भंडारा-गोंदियाकडे तेच लाख किंवा लाखोळी होय. पाऊस कमी पडला तरी हे पीक हाती लागते. सागर-दमोहच्या बाजूस १८२९ पासून सलग तीन वर्षे गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनी गहू बुडाला. तिवरा मात्र भरघोस आला. लोकांनी त्यावरच दिवस काढले. १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. कर्नल स्लीमन यांनी हा वृत्तान्त १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. या दाण्यात मज्जारज्जूस अपाय करणारे द्रव्य असते. इतर धान्यांबरोबर क्वचित थोडे पोटात गेले तर असा विकार सहसा होत नाही. परंतु महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले की पाय जातात, आणि गेलेले पाय बहुधा पुन्हा येत नाहीत.

त्या लोकांनी काही अति खाल्ले नव्हते. दुष्काळात अति खाणार कोण? त्यांच्या अन्नात उणीव होती ती विविधतेची. यावरून असे म्हणावे लागते, की आहाराची युक्तता जशी परिमाणात आहे तशी ती मेळातही आहे.

आता भिलाईकडे वळू. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे पोलादाच्या कारखान्याची योजना ठरली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रांतोप्रांतींची कुटुंबे येथे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. कारखान्याच्या गावी पाळीच्या वेळा सांभाळताना स्वयंपाक आटोपशीर होत जातो, आणि भात व बटाटा यांवर डबा भागतो. पोट भरते, पण ताट पांढरे राहते. हा दुष्काळ नव्हे. तरीही एकसुरीपणा तोच.

वास्तविक छत्तीसगडाइतकी पालेभाज्यांची समृद्धी क्वचितच आढळेल. बाजारात लाल भाजी दिसते. ती आपला तांबडा माठ. चरोटा म्हणजे आपला टाकळा, ज्यास विदर्भात तरोटा म्हणतात. करमत्ता ही नाळीची भाजी, बोहार म्हणजे भोकर, आणि मुनगा म्हणजे शेवगा. नाव परके वाटले म्हणून मराठी गृहिणीने यांच्यापुढून रिकाम्या पिशवीने जाऊ नये. ही सारी तिच्या माहेरची मंडळी आहेत.

या रंगांचे कार्य काय? हिरव्या पाल्यात लोह व फोलेट असते. भोपळा, गाजर, पपई यांच्या नारिंगी रंगातील कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. ते उणे पडले की रातांधळेपणा येतो. हिरव्या पाल्यातही कॅरोटीन असते. हिरवेपणाआड ते दिसत नाही इतकेच. शिवाय हे पदार्थ एकमेकांस साहाय्य करतात. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा असला, तर त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह अंगी अधिक लागते. तेलाची फोडणी असली, तर कॅरोटीन शरीरात चांगले शोषले जाते. आजीच्या स्वयंपाकातील हा मेळ निव्वळ चवीसाठी नव्हता, असे आता म्हणता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनातही भाज्या, फळे व कंदमुळे यांनी सुमारे अर्धे ताट व्यापावे, असेच सुचविले आहे.

येथे एक सावधानता अवश्य बाळगावी. मिठाईत ओतलेला रंग हा या अर्थी रंग नव्हे. तो डोळ्यांस फसवतो, शरीरास काही देत नाही. ज्या रंगास माती, पाणी आणि ऊन यांनी घडविले, तोच येथे अभिप्रेत आहे.

तात्पर्य, युक्ताहार म्हणजे बेताचा आणि मेळाचा आहार. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. बाजारात थोडे थांबावे लागते.

अभ्यास

१. गेल्या आठ दिवसांत आपल्या ताटात कोणकोणते नैसर्गिक रंग आले, ते लिहून काढावे.
२. जो रंग आला नाही, त्याचा आपल्या गावी मिळणारा स्वस्त पदार्थ शोधावा.
३. रोज एक पालेभाजी घ्यावी, व सलग दोन दिवस तीच येऊ देऊ नये.
४. महिन्याने सतराव्या अध्यायातील कसोटी स्वतःस लावून पाहावी: बल, आरोग्य आणि प्रसन्नता वाढली काय?