सुरूचे झाड : ओळख, लागवड आणि निगा

वसईतील ‘सुरूची बाग’ आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. राजोडी, कळंब, भुईगाव येथील पुळणीवरही सुरूच्या रांगा दिसतात. ‘सुरू’ हे नाव फारसी ‘सर्व’ या शब्दाशी नाते सांगते. मूळ ‘सर्व’ म्हणजे सायप्रस. आपला सुरू मात्र सायप्रस नव्हे. तो केवळ तसा दिसतो.

उद्यानशास्त्रात ‘मिथ्या सायप्रस’ म्हणून ओळखले जाणारे कॅमेसायपॅरिस हे सूचिपर्णी वृक्ष निराळेच. त्यांपैकी जपानचा हिनोकी प्रसिद्ध आहे. नारा परिसरातील होर्यूजी हा प्राचीन बौद्ध विहार त्याच्याच लाकडाचा आहे. त्या वृक्षांना थंड, दमट हवा मानवते. कोकणच्या उष्ण किनाऱ्यावर ते रुजवू पाहणे व्यर्थ होय. येथे उपयोगी पडतो तो सुरू, म्हणजे कॅस्युअरिना इक्विसेटिफोलिया. एकोणिसाव्या शतकात कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर तो सर्वत्र पसरला.

सुरूच्या ज्या हिरव्या सुया आपण पाने समजतो, त्या वस्तुतः बारीक डहाळ्या होत. त्यांच्या प्रत्येक सांध्यावर सहा ते आठ सूक्ष्म खवले असतात. तीच खरी पाने. पृष्ठभाग असा आक्रसल्यामुळे बाष्पोत्सर्जन घटते व खारा वारा सोसतो. मुळांवरील गाठींत ‘फ्रँकिया’ नावाचे जीवाणू राहतात. ते हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणूनच निकस वाळूतही हे झाड जोमाने वाढते.

याचे बी अतिशय बारीक व पंखयुक्त असते. मुंग्या ते वाहून नेतात, म्हणून रोपवाटिकेतील वाफ्यांचे त्यांच्यापासून रक्षण करावे. जुन्या सुरूखालची थोडी माती रोपांच्या मातीत मिसळल्यास मुळांवर गाठी लवकर धरतात. पहिल्या पावसानंतर, भरतीरेषेच्या बऱ्याच वर, सुमारे 2 मीटर अंतराने रोपे लावावीत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे आणि गुरांपासून कुंपण करावे. झाडाखाली साचणाऱ्या सुक्या सुया लवकर पेट घेतात. तेथे चूल मांडू नये वा कचरा जाळू नये.

तथापि सुरूवर सर्व भार टाकणे योग्य नाही. वाळूत त्याची मुळे उथळ राहतात. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची बने आडवी झाली. लाटा पायाखालची वाळू ओढून नेतात, तेव्हा उभे झाडही समुद्रात कोसळते. शिवाय सुयांच्या दाट थराखाली इतर वनस्पती सहसा उगवत नाहीत.

म्हणून लागवड एकजातीय नसावी. समुद्राकडे प्रथम मर्यादवेल वाढू द्यावी, कारण तीच वाळू धरून ठेवते. तिच्यामागे केवडा, त्यानंतर उंडी, भेंडी, करंज, आणि त्यांच्या सोबतीला सुरू, असा क्रम ठेवावा. पुळणीतील वाळू उपसू नये. वाळूच गेली तर कोणतेही झाड तग धरणार नाही.

विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात दहा रोपे लावून समाधान मानण्यापेक्षा, त्यांतील किती रोपे तिसऱ्या वर्षी उभी आहेत याची नोंद ठेवावी. किनाऱ्याचे रक्षण लावलेल्या रोपांनी होत नाही. ते जगलेल्या झाडांनी होते.