नोकरीच्या जाहिरातीतील गर्भितार्थ

परीक्षा आटोपली की घरोघरी नोकरीच्या जाहिराती वाचल्या जाऊ लागतात. त्या भाषेला शब्दार्थाखेरीज गर्भितार्थही असतो.

गोवा सरकारच्या जाहिरातींत ‘कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट’ असे नेहमी आढळते. ‘आवश्यक’ म्हणजे त्यावाचून अर्ज बाद. ‘इष्ट’ म्हणजे असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने एका जाहिरातीत ‘टंकलेखन इष्ट’ एवढे वाचून अर्जच केला नाही. ह्या दोन शब्दांतील अंतर मी वर्गात कधी सांगितले नव्हते, ही रुखरुख मला अजून आहे.

खाजगी जाहिराती अधिक मोघम. ‘होतकरू तरुण पाहिजेत’ म्हणजे अनुभव नको, पण वेतनही बहुधा बेताचेच! ‘वेतन पात्रतेनुसार’ म्हणजे आकडा ठरलेला नाही, किंवा सांगण्याजोगा नाही. आकडा दिलेला असला तरी जपावे. ‘एकूण वार्षिक वेतन ३ लक्ष’ वाचून मुले महिन्याचे २५,००० रुपये मोजतात. परंतु त्यात बहुधा भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्साही धरलेला असतो. मूळ वेतन १२,५०० असल्यास १२ टक्क्यांनी तो १,५०० होतो. तितकीच रक्कम आपल्याही वेतनातून कापली जाते. उरले २२,०००, इतर कपाती निराळ्या. म्हणून ‘प्रत्यक्ष हाती किती पडतील?’ हे मुलाखतीतच विचारावे. त्यात उद्धटपणा नाही.

आणि नोकरीपूर्वीच ‘अनामत’ मागणारी जाहिरात? तिच्यात गर्भितार्थ शोधू नये. सरळ पान उलटावे.