वळिवड्याची छावणी आणि नागरिकत्वाचा कागद



सप्टेंबरचा शेवटचा रविवार ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांचा जागतिक दिन म्हणून पाळते. त्यानिमित्ताने प्रेषितांच्या कृत्यांचा 22 वा अध्याय उघडू या. यरुशलेमेत संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले आहे. चौकशी न करता रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्यात बसते काय, एवढेच तो विचारतो. सरदार घाबरतो. आपण हे नागरिकत्व पुष्कळ पैसे मोजून मिळवले, असे तो सांगतो. पौलाला मात्र ते जन्मानेच मिळालेले असते. फटके टळतात. मग ज्याच्याकडे असे नागरिकत्व नाही, त्याच्या पाठीचे काय?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्या कात्रजच्या घाटातून पुढे जाणारा रस्ता साताऱ्यावरून कोल्हापूरला पोचतो. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. तेथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया आणि मुले, आणि बहुतेक आपल्यासारखेच कॅथलिक. 1939 साली पूर्व पोलंड सोव्हिएत सैन्याने घेतल्यावर या कुटुंबांना सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. 1941 मध्ये सुटका झाली. पुरुष पोलिश सैन्यात गेले. बायकामुले इराणमार्गे आपल्याकडे आली. वळिवड्यास त्यांनी चर्च उभारले, पोलिश शाळा चालवल्या, नाटके केली. छावणीचा कारभारही बराचसा तेच पाहत.

अन्न, निवारा, मिस्सा, शाळा, सर्व काही होते. तरीही एक गोष्ट नव्हती. युद्ध संपत आले तेव्हा, 1945 साली, मोठ्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे ठेवण्याचे मान्य केले. म्हणजे ज्या घरी परतायचे ते घर परदेशात गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढली. माणसे जागच्या जागीच होती, पण त्यांच्यामागचे सरकार नाहीसे झाले. भाकरी देणारे हात होते. ‘हा आमचा माणूस’ म्हणणारे राज्य नव्हते.

सेमिनरीत हाना आरेंट वाचताना हा मुद्दा आम्हाला कोरडा वाटला होता. 1933 साली जर्मनी सोडलेली ही विदुषी 1951 मध्ये अमेरिकेची नागरिक झाली. मानवाधिकार सर्वांचे असे आपण म्हणतो, पण ज्याच्यामागे कोणतेच राज्य नाही त्याच्या हाती ते टिकत नाहीत, असे तिचे म्हणणे. वळिवड्याची हकीकत कळल्यावर ते पटले.

पुढे काय झाले? ज्यांचे वडील किंवा पती ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होते, त्यांना ब्रिटनचे दार उघडले. तेथे 1947 साली त्यासाठी कायदाच झाला. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला गेले, काही पोलंडला परतले. एकदोघी येथेच लग्न करून राहिल्या. जेथे गेले तेथे नवी भाषा, मिळेल ते काम, काही वर्षांचे वास्तव्य, आणि मग अर्ज व शपथ. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूरच्या स्मारकाला वंदन केले, ते या आठवणीमुळे.

पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले. आज तो भाग गांधीनगर म्हणून, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. त्यांचेही सर्वस्व गेले होते, पण त्यांच्यासाठी संविधानात अनुच्छेद 6 होते. 19 जुलै 1948 पूर्वी येऊन येथे राहिलेला नागरिक ठरला. नंतर आलेल्याने किमान सहा महिने राहून अधिकाऱ्याकडे नोंदणी करायची. आजीआजोबांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातला असला तरी चाले. छावणी तीच, पण एक समाज पाहुणा म्हणून निघून गेला, दुसरा शेजारी होऊन राहिला. यात स्वभावाचा भाग थोडा, कायद्याचा फार, असे आम्हाला वाटते.

2019 च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाच केली. यादीत ‘ख्रिस्ती’ आहे, मुसलमान नाही. आपले नाव आहे म्हणून निश्चिंत व्हावे का? मत्तय 25 मध्ये प्रभू ‘परका’ म्हणतो तेव्हा त्याचा धर्म सांगत नाही. सर्वांना हे पटेल असे नाही. मिस्सानंतर आमच्याशी जरूर वाद घाला.

दिवंगत पोप फ्रान्सिस चार गोष्टी सांगत: स्वागत करणे, रक्षण करणे, पुढे नेणे, सामावून घेणे. पहिल्या दोन आपल्याला जमतात. सामावून घेणे मात्र कठीण, कारण त्यात आपली जागा थोडी द्यावी लागते. आपल्याकडे नगर, मराठवाड्यातून कामासाठी येणारी कुटुंबे निर्वासित नव्हेत, ती याच देशाची नागरिक आहेत. तरीही भाडेकरार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून पुढचे कागद नाहीत, अशी तक्रार घेऊन ती धर्मग्रामाच्या कचेरीत येतात.

या आठवड्यात आपापल्या समूहाच्या बैठकीत कृत्ये 22:22-29 वाचावे. नंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की, आपल्यापैकी कात्रजला पहिले कोण आले, कोणत्या गावाहून, आणि येथल्या पत्त्याचा पहिला कागद त्यांना कोणी मिळवून दिला.