घाटमाथ्यावरील अतिवृष्टी आणि हवेच्या दाबाची स्थिती

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अधिक का पडतो, हे बहुतेक शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगरास अडून वर चढतात, थंड होतात आणि आपले पाणी तेथेच टाकतात. पूर्वेस वाईकडे उतरताच पर्जन्यमान झपाट्याने घटते. परंतु डोंगर तर बारमाही जागच्या जागी उभा आहे. मग एखाद्याच दिवशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस का व्हावा? याचे उत्तर शेकडो कोस दूरच्या हवेत शोधावे लागते.

पावसाळ्यात सोमालियाच्या बाजूने विषुववृत्त ओलांडून, सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून वाऱ्याचा एक वेगवान प्रवाह आपल्या किनाऱ्याकडे येतो. द्वीपकल्पावरील हा प्रवाह जोसेफ व रामन या शास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले, की त्याभोवती हवा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. त्या क्षेत्राच्या दक्षिणेस वारे पश्चिमेकडून वाहत असल्यामुळे आपल्याकडील प्रवाहास जोर चढतो. त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यालगतही कमी दाबाचा पट्टा असेल, तर घाटावर बाष्पाचा जणू लोंढाच येतो. उलट, उत्तर भारतावरील मोसमी पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की आपल्याकडे उघडीप पडते आणि तिकडील डोंगरात पुराचे भय उत्पन्न होते.

जुलै २०२१ मध्ये अशीच स्थिती जुळून आली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसास हवामान खाते अत्यंत मुसळधार म्हणते, यावरून त्याची कल्पना यावी. चिपळूण पाण्याखाली गेले. महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै रोजी दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पुष्याच्या पावसास आपण म्हातारा म्हणतो. त्या साली मात्र म्हाताऱ्याचे बळ तरण्यासही लाजविणारे ठरले.

म्हणून उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाल्याची बातमी कानी येताच, ती दूरची समजून सोडून देऊ नये. भातास युरियाचा हप्ता देणे लांबणीवर टाकावे. खाचरांच्या बांधांतील पाणी काढण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात व वरच्या खाचराचे पाणी नैसर्गिक ओहोळातच सोडावे. वस्तीच्या डोक्यावरील खोल मातीच्या उतारावर पाणी मुरविणारे चर घेणे आमच्या मते धोक्याचे आहे. चर मृद्‌संधारणास उत्तम खरे, पण प्रत्येक जागी नव्हेत. उतारास नवी भेग पडली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता गुरे सोडून द्यावीत, माणसे त्याच वेळी सुरक्षित जागी हलवावीत आणि तहसील कचेरीस कळवावे.